गेटवरची वही उघडून दाखवणाऱ्या ताईंना

स.न.वि.वि.

ताई, तुमचं नाव इथे लिहीत नाही. ‘काका, मला त्यात ओढू नका’ असं तुम्ही दोनदा बजावलंत. पण आभार नुसते फोनवर मानून मोकळं व्हावं असं हे प्रकरण नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. पुण्यात फ्लॅट आणि आपण दुसऱ्या गावी, अशी अवस्था असलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांच्याही नजरेला पडेल.

मी सातारा डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. एखाद्या कंडक्टरचा हिशेब दोन रुपयांनी चुकला तरी त्याला खिडकीशी उभा करून ठेवायचो. आणि कर्वेनगरचा माझा स्वतःचा वन बीएचके, फंडातून पैसे काढून घेतलेला, त्याचा हिशेब मी चार वर्षं एकदाही तपासला नाही. मुलगा बंगळूरला गेला तेव्हा एक गृहस्थ भेटले. ते स्वतःला प्रॉपर्टी मॅनेजर म्हणवायचे. ‘तुम्ही साताऱ्यात आरामात बसा, पाच तारखेला भाडं खात्यात’ म्हणाले, आणि ते येतही होतं. भाडं 15 हजार. त्यातून कधी गिझर, कधी बेसिन, कधी वॉटरप्रूफिंग, आणि दरमहा दीड हजार ‘सोसायटीचे जादा चार्जेस’ वजा. मी म्हणायचो, पुण्यात महागाई आहे.

तुमचा फोन आला तो जूनमधला. संध्याकाळी तीन तास सोसायटीच्या ऑफिसात हिशेब लिहिणारी एक बाई मला कशाला फोन करतेय, हेच आधी कळेना. तुम्ही विचारलंत, ‘काका, तुम्ही सही इंग्रजीत करता का?’ मी म्हटलं, जन्मात कधी नाही. मग तुम्ही सांगितलंत की आमच्या फ्लॅटसाठी पार्किंगचं सहावं स्टिकर मागणारं पत्र आलंय, त्यावर माझी सही इंग्रजीत आहे, आणि सभासद नोंदवहीत मात्र मराठीत. सहावं? मला तर नवराबायको आणि एक लहान मूल राहतं असं सांगितलं होतं!

दुसऱ्या दिवशी मी आलो ते कुलूपवाल्याला बरोबर घेऊनच. रागच तसा होता. गेटवर वॉचमननं अडवलं, ‘कुणाकडे जायचंय?’ आणि वहीत ‘पाहुणे’ म्हणून माझं नाव लिहिलं. जिन्याशी तुम्ही भेटलात. तेव्हा जे बोललात ते मला अजून तसंच्या तसं आठवतं: ‘काका, कुलूप घातलंत तर चौकीत ती मुलं नाही, तुम्ही बसाल. आधी चहा घ्या.’ कुलूपवाल्याला यायजायचे दोनशे देऊन परत पाठवला. आयुष्यात इतके सत्कारणी लागलेले दोनशे रुपये दुसरे नसतील.

मग तुम्ही वरून त्या सहा मुलांना बोलावलंत. मला वाटलं होतं, घुसखोर असतील. आली ती बिचारी घाबरलेली पोरं, कुणी इंजिनीअरिंगचा, कुणी स्पर्धा परीक्षेचा. त्यांनी मोबाइल काढून पैसे भरल्याचे मेसेज दाखवले. माणशी साडेचार हजार, म्हणजे महिन्याला 27 हजार, तेही 14 महिने न चुकता. शिवाय माणशी 10 हजार डिपॉझिट. माझ्या घरातून महिन्याला 12 हजार रुपये वाटेतल्या वाटेत जिरत होते आणि मी त्या माणसाला दिवाळीला कंदी पेढ्यांचा बॉक्स पाठवत होतो.

पण खरी कमाल पुढेच होती. दुरुस्तीची बिलं मी पिशवीत घालून आणली होती. तुम्ही ती तारखांप्रमाणे लावलीत, कपाटावरून गेटच्या तीन जुन्या वह्या काढल्यात, धूळ झटकलीत आणि बोटानं ओळी दाखवत गेलात. वॉटरप्रूफिंगचे साडेबारा हजार, चार दिवसांचं काम म्हणे. त्या चार दिवसांत आमच्या फ्लॅटला कोण आलं होतं? जेवणाचे डबे आणि कुरियर. प्लंबर नाही, गवंडी नाही, सिमेंटची गोणी नाही. डेपोत गाडी आत-बाहेर गेल्याची नोंद ठेवण्यात उभी हयात गेली माझी. ही युक्ती मला सुचायला हवी होती, सुचली तुम्हाला. ‘जादा चार्जेस’चंही तसंच. तुम्ही बिल समोर धरलंत. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्यानं देतो म्हणून सोसायटी लावते ते, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, 2001 सालापासून शासनाचा तसा आदेश आहे. आमचं सेवा शुल्क 1,400, म्हणजे चार्जेस 140. बाकीचे 1,360 कुठे गेले ते विचारायला नको.

कागदाचं सांगायचं तर, माझ्याकडे शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार होता. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, ही माझीच काय, अर्ध्या साताऱ्याची समजूत आहे. महाराष्ट्रात ती चालत नाही, हे मला साठी उलटल्यावर तुमच्याकडून कळलं. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. करार लेखी आणि नोंदवलेलाच पाहिजे, जबाबदारी मालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि नोंदणी नसताना वाद झालाच, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ते मालकानं. नीट लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार असेल तर मात्र मुदत संपून घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं नव्हतं, शेजारच्या विंगमधलं एक भांडण जवळून बघून शिकला होतात.

डिपॉझिटवरून मी अडलो. माझ्या हाती आलेच नाहीत ते 60 हजार, मी का सोसू? तुम्ही एवढंच म्हणालात, ‘त्यांच्या लेखी तो तुमचाच माणूस होता ना?’ घरी जाऊन रात्रभर तळमळलो. सकाळी पटलं. दोघं जण सोडून गेले, त्यांचे वीस हजार मी खिशातून दिले. चौघं राहिले, त्यांचे चाळीस नव्या करारात धरले, भाडं 20 हजार ठरलं. मुद्रांक शुल्क 560 रुपयांच्या आसपास आणि नोंदणी फी हजार. एवढ्यासाठी मी चार वर्षं बिनकागदाचा बसलो होतो! अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरीच आला. माझा अंगठा काही उमटेना, तेव्हा तुम्ही घरून खोबरेल आणून चोळायला लावलंत आणि चौथ्या खेपेला आधारनं मला ओळखलं. भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवायचा फॉर्मही त्या मुलांपैकीच एकानं भरला.

वकिलाची नोटीस आणि पोलिसांत अर्ज दिल्यावर त्या गृहस्थांकडून दोन हप्त्यांत 45 हजार आले. बाकीचे येतील असं मला वाटत नाही. एक मात्र सांगतो. मालक स्वतः राहतो म्हणून मिळकत करात मिळणारी 40 टक्के सवलत मी अजून घेत होतो, ती सोडायला तुम्ही मला भाग पाडलंत. त्याबद्दल आभार मानताना हात जरा जड जातोय.

आता दर तीन महिन्यांनी मी स्वतः येतो, सातारा-स्वारगेट गाडीनं. पैसे तुम्ही घेतले नाहीत, साडीही परत केलीत, पेढे तेवढे ठेवून घेतलेत. आमच्या हिची इच्छा आहे की गणपतीत तुम्ही सहकुटुंब साताऱ्याला यावं. मुक्कामानंच या, कास पठाराला मी घेऊन जाईन.

तुमचा,
सी विंग, दुसरा मजला (मुक्काम सातारा)

ता. क. : मुलं म्हणताहेत बेसिन ठिबकतंय. या खेपेला खरोखरच. प्लंबर पाठवतोय, त्याला गेटवरच्या वहीत सही करायला लावा.