गरम वाफा आणि हार्मोनची भीती

संपादक महोदय,

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की पाळी थांबलेल्या बायकांच्या गरम वाफा 'उन्हाळाच आहे' म्हणून झटकल्या जातात. पण कूलरसमोर झोपूनही रात्री दोनला गाऊन चिंब होत असेल, तर तो उन्हाचा दोष नव्हे.

यावर सर्वांत गुणकारी औषध इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी थांबल्यावर शरीरात कमी होणारे स्त्री-हार्मोन. त्याची भीती बसली ती हार्मोनमुळे स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार वाढतो असे सांगणाऱ्या २००२ च्या अमेरिकी अभ्यासामुळे. त्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे कुणी सांगत नाही. साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांत सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना फायदाच जास्त. वर्षानुवर्षे घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) चुकवू नये.

गर्भाशय असेल तर नुसते इस्ट्रोजेन नकोच. आतले अस्तर जाड होऊन तिथे कर्करोग होऊ शकतो. सोबत अस्तर जपणारे दुसरे हार्मोन, प्रोजेस्टेरॉन हवे, सहसा रोज १०० मिलीग्रॅम, तेही रात्री, कारण त्याने झोप येते. इस्ट्रोजेन जेलच्या रूपात घेत असाल तर ते कोरड्या मांडीवर किंवा दंडावर लावावे, स्तनांवर नाही, आणि तासभर अंघोळ नको. घामेजल्या अंगावर चोपडले की ओघळून जाते, मग 'औषध लागूच पडत नाही' ही तक्रार.

स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार असल्यास हे उपचार टाळावेत. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर तर दुकानातून काही आणूच नये. सुरुवातीचे तीन-चार महिने रक्ताचे थोडे डाग दिसतात. सहा महिन्यांनंतरही दिसले तर सोनोग्राफी करून घ्यावी.

— स्त्रीरोगतज्ज्ञ, धरमपेठ, नागपूर