रँकिंगच्या शेजारी मेसचाही कॉलम द्या

संपादक साहेब, नमस्कार.

परदेशी शिक्षणावर पेपरात जे छापून येतं त्यात दोन युनिव्हर्सिट्या शेजारी ठेवल्या की रँकिंग सांगून विषय संपतो, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण सध्या आमच्या घरात पोरीसाठी हेच चाललंय, न्यूयॉर्कची कोलंबिया की मॅसॅच्युसेट्सची यूमास ॲम्हर्स्ट.

नावाचं म्हणाल तर कोलंबिया 1754 ची, आयव्ही लीगमधली (अमेरिकेतल्या आठ जुन्या नामांकित खाजगी युनिव्हर्सिट्यांचा गट), नातेवाइकांना नुसतं नाव सांगितलं तरी पुरतं, आणि यूमास सरकारी, आपल्याकडे फार कोणाला माहीतही नसते. पण हे नाव ठरवतं कोण ते तरी बघा. क्यूएस या जगभरच्या युनिव्हर्सिट्यांची रँकिंग काढणाऱ्या कंपनीच्या यादीत 30 टक्के मार्क इतर प्राध्यापकांच्या मताला आणि 15 टक्के कंपन्यांच्या मताला, म्हणजे जे तिथे राहत नाहीत त्यांना विचारून जवळपास अर्धा निकाल लागतो. कोलंबिया यूएस न्यूज या मासिकाच्या अमेरिकन युनिव्हर्सिट्यांच्या यादीत दुसरी होती, 2022 मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी दाखवून दिलं की वर्गात किती मुलं बसतात वगैरे पाठवलेले आकडे जुळत नाहीत, युनिव्हर्सिटीने चूक मान्य केली आणि त्याच सप्टेंबरात नंबर आला 18. एवढ्यात शिकवणं बिघडलं का? शिकवणारे तेच होते, 1919 पासूनचा कोअर करिक्युलमही (सगळ्यांना सक्तीचे असलेले सामायिक विषय) तोच.

जेवणाचं उलट आहे. प्रिन्स्टन रिव्ह्यू ही कॉलेजांच्या याद्या काढणारी कंपनी (प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीशी संबंध नाही) तिथल्या मुलांनाच विचारते आणि त्यात कॅम्पसवरच्या जेवणासाठी यूमास कितीतरी वर्षं सलग पहिली आलीये. पालक याला फालतू समजतात, पण पहिल्या वर्षी हॉस्टेलवर राहायचं तर दोन्हीकडे मील प्लॅन, म्हणजे मेसच्या जेवणाचं पॅकेज, घ्यावाच लागतो, पैसे आधीच भरलेले असतात, मग घर सोडून गेलेलं पोर तिथे नीट जेवलं नाही तर अभ्यास काय कपाळ करणार?

कॅम्पसचं मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे. कोलंबिया मॅनहॅटनमध्ये, गेटबाहेर सबवे, इंटर्नशिपला शहर मोकळं, आणि पदवीच्या मुलांना चारही वर्षं हॉस्टेलची हमी, जी न्यूयॉर्कची भाडी बघता फार मोठी गोष्ट आहे (हे कुठल्याच रँकिंगमध्ये दिसत नाही). ॲम्हर्स्ट छोटं गाव, हिवाळा कडक, पण सगळं आयुष्य कॅम्पसवरच असल्यामुळे ओळखी पटकन होतात, शिवाय शेजारच्या स्मिथ, माउंट होलिओकसारख्या कॉलेजांतही विषय घेता येतात. माझी मुलगी बुजरी आहे, मला यूमास पटते, तिच्या बाबांना अजून नाव सुटत नाहीये.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत रँकिंगशेजारी हॉस्टेल किती वर्षं मिळतं, मील प्लॅन सक्तीचा आहे का, शाकाहारी मुलांना रोज काय मिळतं, हेही छापा आणि ते तिथे आत्ता शिकणाऱ्या मुलांना विचारून छापा.

– एक पालक