उंदराला नेमकं काय केलं तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आरोग्याच्या पानावर हल्ली सारखं वाचायला मिळतं की ताणाने केस पिकतात, ताणाने जखमा लवकर भरत नाहीत, हालचाल कमी झाली की हाडं विरळ होतात, आणि मग पार शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी येतं की हे संशोधन उंदरांवर झालंय. मी बरीच वर्षं लॅबच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, काम केलंय, म्हणून अगदी कळकळीने लिहितेय. उंदरांवरचं काम फालतू असतं असं माझं अजिबात म्हणणं नाही, त्यातून खूप काही कळतं. पण त्या उंदराला नेमकं काय केलं, किती वेळ केलं, हे बातमीत नसेल तर वाचकाने त्यातून काय घ्यायचं?

जखमेचंच घ्या. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी १९९५ मध्ये आधी माणसांवर बघितलं, डिमेन्शियाच्या नातेवाइकांची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली, तर ती भरायला इतरांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. का लागले हे माणसाच्या अंगात शिरून बघता येत नाही, म्हणून मग उंदीर. १९९८ मध्ये तिथेच उंदरांना रात्रभर नळीत कोंडून त्यांच्या पाठीवरच्या जखमा बघितल्या, त्याही हळू भरल्या, आणि ताणाच्या हार्मोनचा परिणाम औषधाने अडवला तेव्हा वेग परत जवळपास नेहमीसारखा झाला. ही खरी किमती माहिती आहे, कारण इथे नुसता परिणाम नाही तर त्याचं कारण हाताला लागलं.

ही कोंडायची नळी म्हणजे हवेसाठी भोकं पाडलेली प्लास्टिकची ट्यूब असते, उंदीर आत जेमतेम पुढेमागे सरकतो, पण वळू शकत नाही. आत असेपर्यंत ना खाणं ना पाणी. त्यामुळे चांगल्या अभ्यासात कंट्रोल ग्रुपच्या, म्हणजे नुसते तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यातूनही तेवढाच वेळ खाणंपाणी काढून घेतात, नाहीतर दिसलेला फरक कोंडण्यामुळे झाला का उपाशी राहण्यामुळे हेच कळणार नाही. शिवाय उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, तो जखमेच्या कडा आतल्या आत ओढून घेतो, आपल्या कातडीत असं फारसं होत नाही, म्हणून बऱ्याच लॅब जखमेभोवती सिलिकॉनची रिंग टाक्यांनी बसवतात, म्हणजे जखम आपल्यासारखी खालून भरत येते. बातमीत यातलं एखादं वाक्य आलं तरी वाचकाला पुष्कळ कळेल.

हाडांच्या बातम्यांचं तर याहून अवघड आहे. तिथे उंदराच्या शेपटीला चिकटपट्टी लावून ती वरच्या पुलीला अडकवतात, डोकं साधारण ३० अंश खाली, मागचे पाय अधांतरी, आणि तो पुढच्या दोन पायांवर पिंजरा फिरतो, खातो, पितो. दोनेक आठवड्यांत पोटरीचा स्नायू बारीक होतो, मागच्या पायांची हाडं विरळ व्हायला लागतात. ही पद्धत मुळात १९७० च्या दशकात नासाने घुशीसारख्या मोठ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, अंतराळवीरांच्या काळजीपोटी बसवली. पायावर भारच न पडणं आणि ऑफिसात दिवसभर बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बातमी होताना त्याचं सरळ 'खुर्चीत बसून हाडं झिजतात' होऊन जातं.

आणि मला सगळ्यात जास्त लागते ती गोष्ट कुठल्याच बातमीत दिसत नाही. ज्याला काहीच केलेलं नाही असा कंट्रोलचा उंदीर तरी आरामात असतो का? लॅबचं तापमान साधारण २० ते २४ अंश ठेवतात, ते अंगात एप्रन घालून काम करणाऱ्या माणसाच्या सोयीचं. उंदराला बरं वाटतं ते ३० च्या आसपास. म्हणजे तो कायम थंडीत असतो, अंग गरम ठेवायला जास्त खातो, त्याच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात, ऊब तयार करणारी चरबी सतत कामाला लागलेली असते. दाबलेल्या कापसाचा एक चौकोन पिंजऱ्यात टाकून बघा, सकाळपर्यंत तो पिंजून त्याचं गोल घरटं केलेलं असतं आणि सगळे आत एकमेकांना चिकटून झोपलेले असतात. २०१३ मध्ये अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क या कॅन्सर संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की उंदरांना ३०-३१ अंशांच्या उबेत ठेवलं तर नेहमीच्या तापमानापेक्षा त्यांच्यातल्या कॅन्सरच्या गाठी हळू वाढतात, कारण प्रतिकारशक्ती नीट काम करते. नुसत्या खोलीच्या तापमानाने एवढा फरक!

हाताळण्याचंही तसंच. शेपटीला धरून उचलण्यापेक्षा नळीतून किंवा ओंजळीत उचललं तर उंदीर कमी घाबरतात हे लिव्हरपूल विद्यापीठाने २०१० मध्येच दाखवलंय. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांना तर नुसत्या पुरुषांच्या वासानेही उंदरांवर ताण येताना दिसला. मग इतका बारीक फरक पडत असेल तर 'ताण' असं एका शब्दात उरकून कसं चालेल?

उलट टोकाच्या बातम्याही बरोबर नाहीत हां. २०१३ मध्ये एका अभ्यासाने म्हटलं की भाजणं, मोठी इजा यात उंदराचे जीन्स माणसासारखे वागतच नाहीत, त्याची खूप चर्चा झाली, पण २०१५ मध्ये दुसऱ्या टीमने तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासला आणि बऱ्यापैकी साम्य आहे असा निष्कर्ष काढला.

तेव्हा एवढी एकच विनंती, हेडिंगमध्येच 'उंदरांमध्ये' हा शब्द येऊ द्या, आणि आत दोन ओळीत लिहा की ताण कसला दिला, किती वेळ, उंदीर नर होते का मादी, किती वयाचे, कुठल्या तापमानात ठेवले होते. ही माहिती मूळ पेपरच्या मेथड्स भागात, म्हणजे प्रयोग कसा केला ते सांगतात तिथे, बहुतेक वेळा दिलेली असते. नसेल दिलेली तर तसंच छापा, तीही वाचकाच्या कामाची बातमी आहे.

आपली,
एक नियमित वाचक