मशीनआधी पाण्याचं बघ

लातूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. पाच मशीनचं डायलिसिस युनिट उभं राहतंय हे वाचून बरं वाटलं. मशीनच्या कोटेशनांवर तू दोन पानं लिहिलीस आणि पाण्याबद्दल एकच ओळ: "ते आरओवाला बघून घेईल." गड्या, आरओवाल्याला पिण्याचं पाणी कळतं, डायलिसिसचं कळतंच असं नाही. मशीन चांगल्या कंपनीचं कुठलंही घे, त्यात आता फार डावं-उजवं राहिलेलं नाही. पेशंटचं बरं-वाईट आरओच्या खोलीत ठरतं.

हिशेब बघ. डायलिसेट, म्हणजे रक्त धुणारं द्रावण, मिनिटाला 500 मिली धावतं. चार तासांत 120 लिटर, आठवड्यातून तीनदा म्हणजे 360 लिटर. आपण आठवड्याला पंधरा-वीस लिटर पितो, त्यातलंही आतडं निवडून आत घेतं आणि जास्तीचं मूत्रपिंड बाहेर काढतं. या पेशंटला दोन्ही राखणदार नाहीत. डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळीच्या, पडद्याला चांगलं-वाईट कळत नाही. रेणू केवढा आहे आणि कुठल्या बाजूला जास्त आहे, एवढ्यावरच सगळं चालतं. युरिया रक्तातून बाहेर येतं त्याच वाटेनं क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग), कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम रक्तात शिरतं.

मशीनवर कंडक्टिव्हिटी (द्रावणाची वीजवाहकता) 14 च्या आसपास दिसली, हिरवा दिवा लागला की टेक्निशियन निर्धास्त होतो. तो आकडा एकूण क्षारांचा आहे. पार्ट ए आणि पार्ट बी ही डायलिसेटची दोन दाट द्रावणं नीट मिसळलीत एवढंच तो सांगतो. अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन त्यात कुठंच दिसत नाही, जंतूंचं विष तर अजिबात नाही.

आता आपल्याकडचं पाणी. काळ्या पाषाणातला बोअर, म्हणजे पाणी जड. मार्चनंतर बोअर आटतो, टँकर सुरू होतो, आणि टँकरवाला कधी कुठल्या विहिरीचं आणेल याचा नेम नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते आठवत असेलच. त्यामुळं प्लांट सरासरी पाण्यावर बेतायचा नाही, मे महिन्यातल्या सगळ्यात वाईट पाण्यावर बेतायचा.

जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचंच घे. त्यातल्या दाण्यांना रेझिन म्हणतात; एक लिटर रेझिन ढोबळमानानं 50 ग्रॅम कठीणपणा धरतं. 50 लिटर रेझिन असेल तर 2500 ग्रॅम. पाणी लिटरला 500 मिलिग्रॅम कठीणपणाचं असेल तर 5000 लिटर निघतात, तेच 800 चं आलं तर 3100 वरच रेझिन संपलं. रिजनरेशनचा, म्हणजे मिठाच्या पाण्यानं रेझिन ताजं करण्याचा, टायमर जुन्याच हिशेबावर असतो, आणि दुपारच्या शिफ्टला जड पाणी सरळ आरओवर जातं. पडद्यावर चुना बसतो. आरओ थकलेला असेल तर पेशंटला मळमळ, उलट्या, गळून जाणं, बीपी चढणं सुरू होतं. म्हणून कठीणपणा सकाळी तपासून उपयोग नाही, दिवसाच्या शेवटी तपासायचा. रिजनरेशन रात्रीच, आणि दर वेळी 6 ते 8 किलो मीठ. मीठ स्वच्छ हवं, ब्राइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) टाकीत तळाला माती साचली की ते ओढून घेणारा इंजेक्टर तुंबतो आणि रेझिन उपाशी राहतं.

पण माझं खरं भांडण क्लोरीन आणि क्लोरामाइन काढणाऱ्या कार्बनच्या टाकीवरून आहे. तुझ्या कोटेशनमध्ये "कार्बन फिल्टर, 1 नग" असं लिहिलेलं असणार, पैज लाव. पाणी कार्बनमध्ये किती वेळ राहतं यावर सगळं आहे. दोन टाक्या एकामागं एक, दर टाकीत पाच मिनिटं, मिळून दहा. तुझा आरओ ताशी 500 लिटर शुद्ध पाणी देणारा धरू, म्हणजे निम्मं वाया जाईल हे धरून ताशी 1000 लिटर कच्चं पाणी कार्बनमधून जाणार, मिनिटाला पावणेसतरा लिटर. दहा मिनिटांना 167 लिटर कार्बन लागतो, दर टाकीत साधारण 84. विक्रेते हमखास शुद्ध पाण्याच्या आकड्यावर हिशेब करतात आणि कार्बन निम्म्यावर येतो. 25 लिटरची एकच टाकी बसवली तर पाणी दीड मिनिटात पार. मुक्त क्लोरीन तेवढ्यात जाईलही, क्लोरामाइन जात नाही. कार्बन दाणेदार, आयोडीन नंबर (शोषणशक्तीचं माप) 900 च्या वर, असं ऑर्डरीतच लिहून घे. आणि बॅकवॉशनं, म्हणजे पाणी उलटं सोडून धुतल्यानं, कार्बन नवा होत नाही. बॅकवॉशनं गाळ निघतो, थर मोकळा होतो, एवढंच. संपलेला कार्बन बदलावाच लागतो.

तपासणीचा नमुना पहिल्या आणि दुसऱ्या टाकीच्या मधून घ्यायचा. तिथं नळ ठेवायला प्लंबरला आधीच सांग, नंतर कुणी पाइप कापत नाही. प्लांट पंधरा-वीस मिनिटं चालू देऊन, पेशंट लावायच्या आधी, प्रत्येक शिफ्टला. एकूण क्लोरीन मोज, नुसतं मुक्त नको; मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम. ग्रामपंचायतीचा क्लोरीन तपासायचा ओटी किट इथं चालत नाही. पिण्याच्या पाण्यात किमान 0.2 असावं लागतं, म्हणजे गावाला जे चांगलं तेच आपल्या पेशंटला दुप्पट जास्त. मधल्या नळावर 0.1 ओलांडलं की दुसऱ्या टाकीनंतरचं बघ. ते ठीक असेल तर दर तासाला तपासत शिफ्ट पूर्ण कर आणि कार्बन मागव. नवा आला की दुसरी टाकी पहिल्या जागी, नवी तिच्या मागं. दुसऱ्या टाकीनंतरही जास्त आलं तर डायलिसिस बंद. तिथं डॉक्टरचंही ऐकायचं नाही.

कारण क्लोरामाइन रक्तात गेलं की तांबड्या पेशी फुटतात. एकदम जास्त गेलं तर रिटर्न लाइनमधलं रक्त गडद आणि आरपार दिसतं, शेजारशेजारच्या दोघा-तिघांना एकाच वेळी पाठदुखी आणि धाप लागते. थोडं-थोडं जात राहिलं तर काहीच दिसत नाही, फक्त सगळ्यांचं हिमोग्लोबिन उतरत जातं आणि एरिथ्रोपोएटिनचा (रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनचा) डोस वाढवूनही चढत नाही. अशा वेळी आधी कार्बन तपास. विहिरीत ब्लीचिंग पावडरची पोती टाकली की टँकरवाला तुला कळवायला येत नाही.

आरओनंतरचं थोडक्यात. साठवण टाकी शक्यतो नकोच. लागलीच तर बंद, तळ निमुळता, झाकणाला 0.2 मायक्रॉनचा व्हेंट फिल्टर. लूप, म्हणजे मशीनना शुद्ध पाणी पुरवणारा पाइप, गोल फिरून परत यावा, मध्ये आंधळी तोंडं नकोत, पाणी तिथंच थांबतं आणि शेवाळासारखा जंतूंचा थर धरतो. महिन्यातून एकदा निर्जंतुक कर आणि रसायन उरलं नाही हे पट्टीनं बघितल्याशिवाय पेशंट लावू नको. जंतूंचा नमुना निर्जंतुक करण्याआधी, लूपच्या शेवटच्या टोकाचा. मर्यादा मिलिलिटरला 100 जंतूंच्या आत, एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) 0.25 युनिटच्या आत. लॅब कुठल्या माध्यमावर आणि किती दिवस ठेवते ते विचार. हे जंतू पाण्यातले, हळू वाढणारे; साध्या अगारवर 37 अंशाला एक दिवस ठेवून "वाढ नाही" असा रिपोर्ट देणारी लॅब घेऊ नको. आर टू ए हे माध्यम, 20 अंशांच्या आसपास, सात दिवस.

आणि टँकरचं हसण्यावारी नेऊ नको. ब्राझीलमधल्या कारुआरूला 1996 साली टँकरनं आलेल्या पाण्यात शेवाळाचं विष होतं, पन्नासहून जास्त डायलिसिस पेशंट यकृत बंद पडून गेले.

बोअरचं आणि टँकरचं असे दोन वेगळे रिपोर्ट काढून मला पाठव: कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, अ‍ॅल्युमिनियम, एकूण क्षार. ते आल्याशिवाय आरओवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नको.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर