रंग लावण्याआधी बोलावणाऱ्या मिस्त्रींस

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

उद्यमनगरातील आपल्या शेडमध्ये रोज इतकी फाटके, जिने आणि जाळ्या तयार होतात की माशांच्या टाकीचे एक जुने लोखंडी स्टँड आपल्या लक्षातही राहिले नसेल. आमच्या घरात मात्र अजून त्याच स्टँडची चर्चा चालू आहे, म्हणून हे जाहीर पत्र.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच. काठापासून दोन बोटे खाली भरली तरी तिच्यात सव्वादोनशे लिटरच्या वर पाणी मावते, म्हणजे वजनही तितकेच किलो. त्यात जाड काच, वाळू आणि दगड मिळवले की भार सव्वातीनशे किलोंच्या पुढे जातो. शेजारीच आईची खुर्ची असते आणि उठताना ती स्टँडच्या कोपऱ्यावर हात टेकते. एका सकाळी तिच्या त्या आधारानेच भरलेली टाकी बाजूला झुलली आणि पाणी काठाबाहेर आले. त्या क्षणाची आठवण झाली की आजही माझ्या हातापायांतले बळ जाते.

स्टँड विकणाऱ्याने आम्हाला सांगितले, "काही होत नाही, बिनधास्त वापरा." पुन्हा तक्रार केल्यावर त्याने थर्माकोलचा आणखी एक थर घालायला सांगितले. थर्माकोलने काचेखालचा बारीक उंचसखलपणा सांभाळला जातो, झुलणारी चौकट त्याने कशी आवळली जाणार? ती पाहायला तो एकदाही घरी आला नाही. पैसे घेताना मात्र त्याला वेळ होता.

आपण कोपरा तळहाताने दाबून दोष कुठे आहे ते लगेच दाखवलेत. पाय वरच्या चौकटीच्या खाली नव्हते, बाहेरून चिकटवलेले होते, त्यामुळे सगळे वजन वेल्डिंगच्या तुटपुंज्या टाक्यांवर लटकत होते. तिरकी पट्टी एकही नव्हती. सरळ खाली येणारा भार साधी पाइपही पेलते, धोका बाजूला झुलण्याचा असतो, हे आपण आईलाही समजेल अशा शब्दांत सांगितलेत. पुढे आपण पाय चौकटीखाली घेतले, मागे आणि बाजूंना तिरक्या पट्ट्या दिल्या, तळाला पत्रे लावले; त्या कामाचा तपशील आपण जाणता, मी काय लिहिणार?

मला लिहायचे आहे ते आपल्या एका फोनविषयी. काम पुरे झाले होते, रेडऑक्साइडचा डबा उघडलेला होता, आणि तरीही आपण ब्रश बाजूला ठेवून मला बोलावलेत. "रंगाचं उद्या बघू. आधी सांधं बघून घ्या. एकदा रंग बसला की आतलं काय दिसत न्हाई." एका हातात बॅटरी घेऊन आपण मला प्रत्येक सांधा खालून, वरून, आतल्या बाजूने दाखवलात, एका ठिकाणी आपल्यालाच मन मानेना, तेव्हा ग्राइंडर लावून तो टाका काढलात आणि माझ्यासमोर पुन्हा भरलात. मला वेल्डिंगमधले काही कळत नाही, हे आपल्याला ठाऊक होते. आपण झाकले असते तर मला जन्मात समजले नसते. जुन्या स्टँडवरचा काळा रंग किती जाड आणि किती चकचकीत होता, हे मला तेव्हा आठवले.

गिलाव्यामागची वायर, फरशीखालचा पाइप, रंगाखालचा सांधा यांवर विसंबून आपण सगळेच जगतो. जिथे कोणी पाहणार नाही तिथेही नीट काम करणारी माणसे आहेत, म्हणूनच ही घरे उभी आहेत. अशा माणसांची नावे कुठे छापून येत नाहीत, याची मला खंत वाटते.

आई अजूनही त्याच कोपऱ्यावर हात टेकून उठते, आता तिला कोणी हटकत नाही. कोपऱ्यांच्या पट्ट्यांचे पैसे आपण बिलात धरले नाहीत, हे घरी आल्यावर ध्यानात आले. ते घेऊन मी शनिवारी येत आहे. कृपया नाही म्हणू नये.

आपला कृतज्ञ,
कोल्हापुरातील एक ग्राहक