बहिणीची सही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत बाईची कामं, पुरुषाची कामं कशी बदलत गेली यावर मोठा लेख होता, वाचला, आवडला, भाचीला व्हॉट्सॲपवर पण पाठवला. नवरे आता पोळ्या लाटतात, पोरी बुलेट चालवतात, सुना नाइट शिफ्ट करतात, खरंच आहे सगळं. (कौतुक जरा जास्तच झालं असं मला वाटलं. केंद्र सरकारच्या 2024 च्या पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला 289 मिनिटं त्यात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचे 88, म्हणजे साहेबांचा पोळी लाटतानाचा फोटो येतो पण कणीक कुणी मळली ते फोटोत येत नाही. असो.) पण एवढ्या पानभर लेखात सातबाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

मी 31 वर्षं जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत कारकून होते, त्यातली निम्मी पीककर्जाच्या टेबलावर. म्हणजे रोज सकाळी सातबारे, आठ-अ, फेरफार हे जमिनीचेच कागद वाचायचे. निफाड, चांदवड, येवला भागातल्या बाया कांद्याच्या लागवडीला वाफ्यात वाकलेल्या दिसतात, द्राक्षाच्या बागेत थिनिंग-डिपिंगला त्याच, खुरपणी त्यांचीच, आणि माझ्या टेबलापर्यंत आल्या तर फक्त जामीनदार म्हणून. ताई कुठं सही करू, एवढंच विचारायच्या. कर्जदाराच्या रकान्यात बाईचं नाव आलं की आम्ही मान वर करून बघायचो, इतकं ते कमी. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत, म्हणजे शेत चालवणाऱ्यांत, बाया 14 टक्क्यांच्या आसपास होत्या, मला तर तेही जास्त वाटले. एकदा एक तरणीताठी विधवा आली, नवरा गेलेला, दोन लेकरं, शेत तीच कसत होती, पण उतारा सासऱ्याच्या नावावर आणि सासरा म्हणे मी आहे ना. तिला मी काय कर्ज देणार, चहा दिला.

आता माझ्या घरचं सांगते. आमचे नाना शेतकरी संघटनेचे. लाल बिल्ला लग्नाकार्यातसुद्धा खिशाला. नोव्हेंबर 1986 ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं तेव्हा गावातल्या बायांनी भरलेली ट्रॉली नानांनी स्वतः ट्रॅक्टर चालवत नेली, आई त्यात होती, आल्यावर चार दिवस घसा बसलेला घोषणा देऊन. आयुष्यात पहिल्यांदा ती कुठल्या देवाला किंवा दुःखाला न जाता घराबाहेर मुक्कामाला राहिली. पुढे संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करा, ज्या गावात शंभर घरं करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. कित्येक गावांनी केलं, खोटं नाही सांगत, नंतर सरकारने पण त्याच नावाची योजना आणली. आमच्या नानांनी सभेत टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आईला म्हणाले, सगळं तुझंच आहे की, कागद काय करायचाय. आई हसली. आई अशा वेळी नेहमी हसायचीच.

1999 ला नाना गेले. दहाव्याच्या आधीच चुलत्यांनी विषय काढला की वारस नोंद लागायची, पोरींनी सही करून दिली म्हणजे भाऊ मोकळा. सहा एकर, दोन बहिणी, एक भाऊ, आई. तेराव्यानंतर आठवड्याभरात तालुक्याला गेलो, स्टॅम्प व्हेंडरने आधीच टाइप करून ठेवलेलं हक्कसोडपत्र, ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणताही मोबदला न घेता’. दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचणारी मी, स्वतःचा कागद वाचलाच नाही, दहा मिनिटांत सही, बाहेर येऊन उसाचा रस. भावाने दोघींना साड्या घेतल्या, माझी जांभळी होती, अजून आहे. हक्कसोड म्हणजे काय ते मला कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पण सही नाही केली तर दिवाळीला कुणाच्या दारात जायचं, हे त्याहून जास्त कळत होतं. हिस्सा मागणारी बहीण म्हणजे भावाच्या ताटातलं ओढणारी, हे ऐकतच मोठ्या झालेलो.

कायद्याची गंमत मला नंतर एका वकीलबाईंनी समजावली. वडिलांच्या वाट्यातला वाटा मुलीला 1956 च्या कायद्यापासूनच आहे. पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मानेच भावाइतका हक्क महाराष्ट्राने दिला 22 जून 1994 ला, तोही त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना सोडून. माझं लग्न 1991 चं, धाकटीचं 1996 चं. म्हणजे एका आईच्या दोन पोरी, एकाच रानात वांगी तोडलेल्या, आणि एकीचा हक्क जास्त एकीचा कमी, का तर माझा मांडव आधी पडला. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद गेला, 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडील 2005 ला हयात नसले तरी मुलीचा हक्क आहेच. आम्हाला काय त्याचं, आम्ही दोघी कधीच्याच स्वखुशीने मोकळ्या झालेलो.

कुणाला वाटेल भावावर राग आहे म्हणून लिहितेय. बिलकुल नाही. आईचं शेवटचं दुखणं त्याने आणि भावजयीने काढलं, आम्ही रविवारी पिशवीत मोसंबी घेऊन जायचो. गारपिटीत बाग गेली तेव्हा कर्ज त्याच्या डोक्यावर होतं, माझ्या नाही. सहा एकराचे तुकडे करून कुणाचंच भलं होत नाही हेही मला बँकेत बसून बसून माहीत आहे. त्यामुळे प्रत्येक बहिणीने फाळणी करून घ्यावी असं मी म्हणत नाही. मी म्हणते आधी नाव लागू दे. कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात लागू दे, पूर्वी तर पोरींची नावं ‘इतर हक्कात’ टाकायचे, विहीर, बोजा आणि बहीण एका रकान्यात, आणि वर भावाचं नाव ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून. नाव लागल्यावर वर्ष दोन वर्षांनी, डोळ्याचं पाणी आटल्यावर, तिला सोडायचं असेल तर सोडेल, किंवा भाऊ जमत्या हप्त्याने पैसे देईल, किंवा नुसतं नाव राहील आणि कसेल तोच. तेराव्याच्या आठवड्यात घेतलेली सही राजीखुशीची कशी म्हणायची? आणि सोडून दिल्यावर कुठे हायवेत जमीन गेली की पेपर वाचून बहिणींना कळतं आपण किती लाखाला राजीखुशी दाखवली.

आणि आता ऐका. भावाला दोन मुली. मोठी पुण्यात आयटीत, धाकटी कृषी पदवीधर, बाग तीच बघते, फवारणीचं शेड्यूल तिच्या मोबाइलवर, मजूर तिला मॅडम म्हणतात. मागच्या मे महिन्यात भावाचा फोन, आक्का, मुलींच्या नावावर आत्ताच काय करून ठेवता येईल, चुलतभाऊ आत्तापासून बांध कोरायला लागलेत, म्हणतात पोरी जातील आपापल्या घरी. पाऊण तास बोलला, 2005 चा कायदा त्याने मलाच समजावून सांगितला, तारखेसकट. मी हूं हूं करत होते. जांभळ्या साडीचा विषय मी काढला नाही, पण फोन ठेवताना तोच जरा थांबला आणि म्हणाला, तुमचं पण बघू काहीतरी. बघू म्हणाला, तेवढं पण पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

इथवर लिहून थांबणार होते, पण मग अर्धवट खोटं झालं असतं. आमच्या यांच्या तीन बहिणी. सिन्नरकडची साडेचार एकर कोरडवाहू, 2003 ला सासरे गेल्यावर तिघींनी अशाच सह्या दिल्या. त्या दिवशी शिरा मी केला होता. साड्या मी निवडल्या, सारख्या किमतीच्या, कुणाला कमी जास्त वाटायला नको म्हणून दुकानात दोन तास घातले. स्वतःची सही मनात खुपत होती तरी नणंदांच्या सह्या घेताना हात आखडला नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं, एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगते. तिकडे आता प्लॉट पडायला लागलेत, भाव विचारू नका. मधल्या नणंदेचा नवरा मागच्या वर्षी गेला, ती पोराच्या दोन खोल्यांत राहते.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या पोरांच्या सरकारी कागदावर आईचं नाव लागणार म्हणून तुम्ही पहिल्या पानावर छापलं होतं, छान झालं. सरपंचाच्या निम्म्या खुर्च्या बायांना, तेही छान. त्यात कुणाचा गुंठाभर कमी होत नाही. आमच्या घरात या भाऊबीजेला तिन्ही नणंदा जेवायला येणार आहेत आणि मी ऑनलाइन सातबारा काढून देवघराच्या खणात ठेवलाय. यांना विचारलं, तिघींचं काही करायचं का, तर म्हणाले आता कशाला उकरून काढतेस, कुणी मागितलंय का. मागितलं तर मीही नव्हतं कधी.

तरी पत्र छापलंत तर कृपया भाऊबीजेच्या आधी छापा, आणि नाव छापू नका. सकाळचा पेपर आमच्याकडे आधी हे वाचतात.

आपली एक जुनी वाचक,
नाशिक