पिल्लांची मरतूक थांबवायची तर आधी कोंबड्या तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावोगावी बचत गटांनी आणि तरुणांनी छोटी अंडी उबवणी यंत्रे घेतली, गावरान पिल्लांची विक्री सुरू झाली, हे चांगलेच झाले. पण पिल्ले मरू लागली की दोष यंत्राला, खाद्याला नाहीतर हवेला दिला जातो. ज्यांची अंडी यंत्रात गेली त्या कोंबड्या कुठून आल्या, हे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा त्या आठवडी बाजारातून, पाय बांधून विकायला आणलेल्या असतात.

पांढऱ्या हगवणीचे जंतू, म्हणजे साल्मोनेला पुलोरम, कोंबडीच्या अंडाशयात मुक्काम करून राहतात. अशी कोंबडी चरते, अंडी देते, तिचा तुराही लाल असतो; नुसते पाहून काही कळत नाही. जंतू अंड्यातूनच पिल्लात उतरतात. काही पिल्ले कवचातच मरतात. जी बाहेर पडतात त्यांच्या लवेबरोबर जंतू यंत्रभर पसरतात आणि निरोगी कोंबड्यांची पिल्लेही बाधतात. मग दोन-तीन आठवडे मरतूक चालते. पिल्ले पंख ढिले सोडून दिव्याखाली गोळा होतात, शीट चुन्यासारखी पांढरी होऊन गुदद्वाराला चिकटते, ती टाकताना पिल्लू किंचाळते. प्रतिजैविकाने मरतूक आटोक्यात येते, पण वाचलेली पिल्ले जंतू बाळगूनच मोठी होतात. पुढे त्याच तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर येतात आणि त्यांची अंडी पुन्हा यंत्रात जातात. अशा मरतुकीतून वाचलेली एकही कोंबडी पैदाशीला ठेवू नये, ती कितीही देखणी असली तरी.

हा रोग शोधणे अवघड नाही. पांढऱ्या फरशीवर रंगीत अँटिजेनचा, म्हणजे याच जंतूंपासून केलेल्या तपासणीच्या द्रावणाचा, एक थेंब घ्यायचा, पंखाच्या शिरेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब त्यात मिसळायचा आणि फरशी हळूहळू हलवत राहायची. दोन मिनिटांच्या आत निळसर गुठळ्या दिसल्या तर कोंबडी बाधित. मिश्रण एकजीव राहिले तर ती निर्दोष. त्यानंतर थेंब सुकू लागतो, तेव्हा दिसणाऱ्या गुठळ्या धरायच्या नाहीत. बाधित कोंबड्या काढून उरलेल्या महिन्याभराने पुन्हा तपासायच्या. लागोपाठ दोनदा सगळा कळप निर्दोष निघाला तरच अंडी उबवायला घ्यायची. हे अँटिजेन इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तयार होते. लसीकरणाची शिबिरे भरतात, तशी या रक्ततपासणीची शिबिरे पशुसंवर्धन विभागाने तालुक्याच्या दवाखान्यांत उबवणीच्या हंगामाआधी भरवावीत, ही या पत्रातली मुख्य मागणी आहे. पिल्ले विकत घेणाऱ्यांनीही विक्रेत्याला या तपासणीबद्दल विचारायला संकोचू नये.

तपासणी होईपर्यंत हातात कोंबडी धरून बरेच काही कळते. डोळ्यातली बाहुली गोल आणि कडेला स्वच्छ हवी. ती वेडीवाकडी किंवा बुबुळ राखाडी असेल तर मरेक्स या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. छातीचे हाड बोटाने चाचपावे, ते सरळ हवे आणि दोन्ही बाजूंना मांस हवे. अंड्यावरच्या कोंबडीचे पोट मऊ आणि गुदद्वार ओलसर, रुंद असते, खालच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटे मावतात. चोच कातरीसारखी फाकलेली, बोटे वाकडी किंवा पायाचे खवले उचललेले असतील तर नको. रात्री खुराड्याजवळ शांत उभे राहून कान द्यावा. श्वासाची घरघर ऐकू आली तर जुनी सर्दी आहे, आणि तिचे मायकोप्लाझ्मा जंतूही अंड्यातून उतरतात. नवी कोंबडी महिनाभर वेगळी ठेवावी. हा महिना आणखी एका कारणाने उपयोगी पडतो: आधीच्या कोंबड्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक टिकते, तेवढ्यात दिलेल्या अंड्यांचा बाप कोण हे सांगता येत नाही.

दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तो त्याच कळपात जन्मलेला नसावा आणि दरवर्षी बदलावा. गिरिराज, वनराज या संकरित जाती आहेत. त्यांची अंडी खावीत, विकावीत, पण उबवू नयेत. आईबापांची वाढ पिल्लांत उतरत नाही आणि गिऱ्हाईक फसते.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. शीट लागलेले अंडे धुऊन यंत्रात घालण्याची सवय घातक आहे, कारण गार पाण्याने छिद्रांतून जंतू आत ओढले जातात. ते सरळ बाजूला काढावे. घाणेरड्या अंड्यांतूनच ओल्या, सुजलेल्या नाभीची पिल्ले निघतात. त्यांच्या पोटाला कुबट वास येतो आणि ती सहसा जगत नाहीत; त्यांना निरोगी पिल्लांत ठेवू नये.

मात्र शीट चिकटलेले प्रत्येक पिल्लू रोगी नसते. पिल्लांना गारठा बसला किंवा पाणी उशिरा मिळाले तरी असे होते. कोमट पाण्याने भिजवून शीट सोडवावी, ओढू नये. पिल्लू पुसून उबेत सोडल्यावर चरू लागले तर दोष ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या जागेचा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 95 अंश फॅरनहाइट लागते, पुढे दर आठवड्याला 5 अंश कमी करायचे. पिल्लामागे दोन वॅट, म्हणजे शंभर पिल्लांना दोनशे वॅट हा हिशेब जुन्या तारेच्या बल्बचा आहे. आता दुकानात एलईडी मिळतो, तो टांगला की उजेड पडतो आणि पिल्ले गारठून मरतात. वीज गेल्यावर शेगडी ठेवली तर वरून हवा खेळती हवी, नाहीतर धुराने सगळी पिल्ले एकदम जातात. तुसावर गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरले की पाय फाकतात. खरखरीत कागद किंवा गोणपाट घालावे. फाकलेले पाय पहिल्या दोन दिवसांत मऊ पट्टीने इंचभर अंतर ठेवून बांधले तर सरळ होतात, आठवड्यानंतर सहसा नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर रक्ती हगवण दिसली तर आधी पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस काढावे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने 20 टक्के अँप्रोलियमची पूड लिटरला 1.2 ग्रॅम, पाच दिवस देतात. त्याबरोबर जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नये. अँप्रोलियमचे काम रोगाच्या परजीवीला बी-1 जीवनसत्त्व मिळू न देण्यावरच चालते. टॉनिकने औषधाचा असर जातो आणि लोक औषधालाच नावे ठेवतात.

लसींत मानमोडीची लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो रोगाची लस चौदाव्या दिवशी, लासोटाचा दुसरा डोस अठ्ठाविसाव्या दिवशी. मानमोडीचीच आर-टू-बी ही जहाल लस आठव्या आठवड्यात. सहा आठवड्यांखालच्या पिल्लांना ती झेपत नाही. लासोटाची कुपी शंभर मात्रांची, पिल्ले घरटी पंधरा-वीस, आणि मिसळलेली लस दोन तासांत संपवावी लागते, म्हणून लस घेतलीच जात नाही. वस्तीतल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात अंडी बसवली तर एक कुपी सगळ्यांना पुरते. ती बर्फातून आणावी, खिशातून नव्हे. आणि मेलेली पिल्ले उकिरड्यावर टाकण्याऐवजी, नुकतीच मेलेली दोन-तीन बर्फात ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावीत. शवविच्छेदनाला नेलेले कुजके पिल्लू काहीच सांगत नाही.

आपला,
एक पशुवैद्यक, सातारा जिल्हा